टेंपो बदलला की ट्रॅक सरकतात, त्याचं काय करायचं

कॉम्प्युटरवर गाणं रेकॉर्ड करताना त्याचा टेंपो, म्हणजे मिनिटाला किती मात्रा तो वेग, हलवला की ट्रॅक, म्हणजे एकेका वाद्याचं नि गळ्याचं वेगळं रेकॉर्डिंग, एकमेकांपासून सुटतात, त्याबद्दल हे. आधी लक्षणं सांगतो, तुमचं यातलं कुठलं ते बघा.

गाणं सुरुवातीला क्लिकला (सॉफ्टवेअरची मात्रा मोजणारी टिकटिक) चिकटून चाललंय, पण दोन-तीन मिनिटांनी तबला क्लिकच्या मागे पडायला लागतो आणि शेवटाला पोचेपर्यंत अख्खी मात्रा चुकलेली असते. किंवा मग पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सारखंच थोडं मागे आहे, वाढत नाही की कमी होत नाही. किंवा मधे कुठेतरी लय वाढवायला टेंपो मार्कर (इथून वेग बदल अशी खूण) टाकला, तिथपर्यंत सगळं ठीक, आणि तिथून पुढे मिडीची वाद्यं (नोंदींवरून सॉफ्टवेअरच वाजवतं ती) गेली एकीकडे, रेकॉर्ड केलेला आवाज राहिला दुसरीकडे. कधी टेंपो हलवल्यावर गाणारा पाण्याखालून गातोय असं वाटतं आणि घुमटाची (मातीच्या मडक्याला चामडं लावलेलं आपलं गोव्याचं वाद्य) थाप फुटल्यासारखी दुहेरी ऐकू येते. आणि एक भुताटकीसारखा प्रकार, आपण हातही लावलेला नाही आणि टेंपोच्या लिस्टमध्ये पंधरा-वीस बदल आपोआप उगवलेत.

गोव्यात फोंड्याला घराच्या मागच्या खोलीत माझा छोटा सेटअप आहे आणि चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधीचे दोन महिने मी जवळजवळ हेच निस्तरत असतो. आपल्याकडे हे जास्त होतं त्याचं कारण सरळ आहे, आपलं संगीत एका लयीत बसून राहत नाही. घुमट आरती घ्या, सुरुवात संथ, आणि शेवटाला घुमट, शामेळ (ढोलासारखं चामड्याचं वाद्य), कासाळें (मोठी झांज) सगळं इतकं चढतं की वाजवणाऱ्यांना घाम फुटतो. सॉफ्टवेअरला मात्र तुम्ही नवी फाइल उघडून एकच आकडा दिलेला असतो, बहुतेक वेळा तोच १२० जो आधीपासून तिथे लिहिलेला होता. आता या दोघांचं जमवायला म्हणून पोरं टेंपो हलवायला जातात आणि मग रात्री साडेअकराला फोन येतो, "दादा, सगळं सरकलं."

तर पहिली गोष्ट, थांबा. सेव्ह करू नका, फाइलची कॉपी दुसऱ्या नावाने काढा आणि कॉपीवरच काम करा. हे सांगायला लागू नये पण लागतं, कारण दहातले सात जण माझ्याकडे येईपर्यंत पाच वेळा सेव्ह करून बसलेले असतात आणि जुन्या फाइलकडे परत जायची वाट त्यांनी स्वतःच बुजवलेली असते.

मग काहीही न बदलता फक्त ऐका. क्लिक चालू करा आणि गाण्यात तीन जागी ऐका, सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटाला. प्रत्येक जागी ठोका क्लिकपासून किती लांब पडतोय ते झूम करून बघा आणि कागदावर लिहा, हो, कागदावरच. हा पैसे न लागणारा तपास आहे आणि अर्धं निदान इथेच होतं. तिन्ही जागी अंतर सारखंच असेल तर टेंपोचा काही दोष नाही, तुमचं रेकॉर्डिंगच उशिरा पडलंय. अंतर हळूहळू वाढत जात असेल तर टेंपोचा आकडा तरी चुकलाय नाहीतर सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने साठवले तो आकडा. आणि एका ठराविक जागेपर्यंत बरोबर नि तिथून एकदम चूक असेल तर त्या जागेवरचा मार्कर किंवा त्याची सेटिंग बघायची, बाकी कुठे हात लावायचा नाही. हे न करता जे थेट क्लिपा (रेकॉर्डिंगचे तुकडे) ओढून जुळवायला बसतात ते एक चूक झाकायला दहा नव्या चुका करतात, आणि त्या दहा मलाच शोधाव्या लागतात.

आता दुसरी तपासणी. सगळ्यात जास्त वेळा दोष इथेच सापडतो म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक गोष्ट दोनपैकी एका खुंटीला बांधलेली असते. एक खुंटी घड्याळाची, म्हणजे ही क्लिप १ मिनिट १२ सेकंदांवर सुरू होते, टेंपो काहीही असो. दुसरी खुंटी मात्रेची, म्हणजे ही क्लिप ४१व्या बारच्या (बार म्हणजे मात्रांचा ठरावीक गट) पहिल्या मात्रेवर सुरू होते, मग टेंपो वाढला की तो बार लवकर येणार आणि क्लिपही लवकर येणार. मिडी मात्रेच्या खुंटीलाच असते, ते बरोबरच आहे. गाण्याचा आवाज मात्र कुठल्या खुंटीला आहे हे तुम्ही कधी बघितलेलंच नसतं. टेंपो हलवला की काही ट्रॅक चालायला लागतात, काही जागेवर उभे राहतात, आणि गाणं विस्कटतं.

आता एकेक सॉफ्टवेअर घेऊ. रीपरमध्ये ऑल्ट आणि एंटर दाबलं की प्रोजेक्ट सेटिंग उघडते, तिथे टाइमबेस म्हणून एक ओळ आहे. त्यात टाइम (घड्याळ) हा एक पर्याय, बीट्स (मात्रा) पोझिशन लेंग्थ रेट हा दुसरा आणि बीट्स पोझिशन ओन्ली हा तिसरा. तेच प्रत्येक ट्रॅकला आणि प्रत्येक क्लिपला वेगळंही लावता येतं. क्यूबेसमध्ये ट्रॅकवरच एक छोटं बटण असतं, घड्याळाचं चित्र दिसलं तर वेळेला बांधलेला, सुराच्या चिन्हाचं दिसलं तर मात्रेला. लॉजिकमध्ये रीजनला (तिथे क्लिपला रीजन म्हणतात) एसएमपीटीई पोझिशन, म्हणजे घड्याळातली जागा, लॉक करायची सोय आहे. एबल्टनमध्ये वॉर्प (टेंपोप्रमाणे क्लिप ताणायची सोय) बंद केलं तर क्लिप आपल्या मूळ वेगाने वाजते, पण तिची सुरुवात टेंपोबरोबर हलतेच, हे कित्येकांना माहीत नसतं आणि मग "वॉर्प बंद केलं तरी सरकतंय" म्हणून डोकं धरतात.

नियम असा ठेवा. रेकॉर्ड झालेलं आहे तसंच ठेवून फक्त ग्रिड (पडद्यावरच्या मात्रांच्या उभ्या रेषा) त्याला जुळवून घ्यायचंय तर आधी आवाजाचे सगळे ट्रॅक घड्याळाला बांधा, मगच टेंपोला हात लावा. आणि सगळं गाणंच जलद करायचंय, आवाजासकट, तर आधी मात्रेला बांधा आणि मग टेंपो वाढवा. क्रम उलटा झाला की परत फिरायला अनडूशिवाय रस्ता नाही. रीपरवाल्यांसाठी अजून एक, आवाजाची क्लिप लांबलचक असेल आणि टेंपोचा बदल तिच्या पोटात येत असेल तर मात्रेला बांधूनसुद्धा ती मधेच ताणली जात नाही, सुरुवातीचा टेंपो धरून तशीच चालत राहते. त्यासाठी टेंपो बदलेल तिथे आपोआप ताणायचा वेगळा पर्याय आहे, नाहीतर बदल आहे त्या ठिकाणी क्लिप कापायची.

तिसरं म्हणजे नको असलेले मार्कर. टेंपोचा ट्रॅक किंवा लिस्ट उघडा आणि वरपासून खालपर्यंत वाचा. बाहेरून आणलेली मिडी फाइल आपला टेंपो बरोबर घेऊन येते, फाइलमध्ये एका मात्रेला किती मायक्रोसेकंद ते लिहिलेलं असतं, १२० ला ५ लाख. ती आत ओढताना सॉफ्टवेअर विचारतं की टेंपोपण घेऊ का, आणि आपण न वाचता ओके दाबतो. लॉजिकवाल्यांनी स्मार्ट टेंपो अडॅप्टवर आहे का ते बघा, तसं असेल तर तुम्ही रेकॉर्ड कराल त्याप्रमाणे प्रोजेक्टचा टेंपो बदलत जातो, भुताटकीचं उत्तर बऱ्याचदा तिथेच असतं. आपोआप टेंपो ओळखणाऱ्या सोयीवर तर माझा आपल्या तालांसाठी फारसा विश्वास नाही. ती १४० च्या जागी ७० सांगेल, दादऱ्याला तीनात मोजेल की सहात याचा नेम नाही. रूपक असेल तर सातचा बार आणि झपताल असेल तर दहाचा बार स्वतः लावा, नाहीतर टेंपो बरोबर असूनही सम दर वेळी वेगळ्याच जागी दिसते आणि माणसाला वाटतं ट्रॅक सरकला.

चौथं, आकडा स्वतः मोजा. अंतर हळूहळू वाढतंय असं कागदावर आलं असेल तर हे कराच. ९२ लिहिलंय आणि वाजवलंय ९१.७, एवढासा फरक, पण पाच मिनिटांत ४६० मात्रांच्या जागी साडेचारशे आणि वर साडेआठ, म्हणजे दीड मात्रा गेली. मोजायची रीत अशी, एका स्वच्छ थापेपासून पुढची ६४ अंतरं मोजायची, किती सेकंद लागले ते बघायचं, ६४ ला ६० ने गुणून त्या सेकंदांनी भागायचं. ४१.९ सेकंद आले तर ९१.६५. इथे सगळेजण एकच चूक करतात, थापा मोजतात. ६४ थापांमध्ये अंतरं ६३ असतात, आणि थापा मोजून गणित केलंत की तुमचा आकडा ९३ च्या वर जातो. कुंपणाचे खांब मोजायचे की मधल्या फटी, तसलाच घोळ. गेल्या पावसात साखळीहून एक पोरगा पेन ड्राइव्ह घेऊन आला होता, तीन रात्री जागून त्याने दर दहा सेकंदांवर क्लिप कापून ओढली होती, जवळजवळ चाळीस तुकडे. मी त्याला टेबलावर टाळ्या द्यायला लावल्या, आकडा काढला, मूळ फाइल परत घेतली, टेंपो बदलला, आणि संपलं. त्याला हसावं की रडावं कळेना, मी चहा दिला.

पाचवं, उतार आणि पायरी. दोन मार्करांमध्ये टेंपो दोन प्रकारे बदलतो, एकदम उडी मारतो, ती पायरी, नाहीतर हळूहळू चढतो, त्याला मी उतार म्हणतो. रीपरमध्ये शिफ्ट सी दाबून मार्कर टाकला की त्याच खिडकीत हळूहळू जायची टिक असते, क्यूबेसमध्ये त्याला जंप आणि रॅम्प म्हणतात. टिक केली नि नाही केली यात काय फरक पडतो त्याचा हिशोब बघा. आरती ८४ वरून १३२ वर न्यायचीय, ३२ मात्रांत. उडी ठेवलीत तर त्या ३२ मात्रा ८४ नेच चालतात, जवळजवळ २३ सेकंद. उतार दिलात तर १८ सेकंद. पाच सेकंदांचा फरक, आणि तो पुढच्या सगळ्या गाण्यावर पडतो.

त्यातली बारीक मेख अशी की उतारसुद्धा दोन जातीचे. वेळेप्रमाणे सरळ चढणारा उतार धरला तर त्या ३२ मात्रांना १७.७८ सेकंद लागतात, मात्रांप्रमाणे सरळ चढणारा धरला तर १८.०८. फरक ०.३ सेकंद, आणि १३२ च्या लयीत एक मात्राच ०.४५ सेकंदांची आहे, म्हणजे दोन तृतीयांश मात्रा गेली. त्यामुळे एका सॉफ्टवेअरमध्ये उतार काढून दुसऱ्यात तेच आकडे टाइप केले आणि जुळलं नाही, तर तुमचं डोकं फिरलेलं नाही. मी तर उतार देतच नाही आता, दर चार-चार मात्रांवर छोट्या पायऱ्या टाकतो, कानाला उतारच वाटतो आणि कुठेही नेलं तरी तसंच राहतं.

आता फाइलींकडे वळू, हे थोडं किचकट आहे. फोनवर व्हिडिओ काढताना आवाज बहुतेक वेळा ४८००० सॅम्पल रेटने साठतो आणि आपला प्रोजेक्ट असतो ४४१०० वर. आजकालची सॉफ्टवेअर फाइल आत घेताना हे स्वतः बदलून घेतात, पण ऑडिओ इंटरफेसचा (माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा) रेट एक आणि प्रोजेक्टचा दुसरा असं झालं, नाहीतर कोणी फाइल चुकीच्या रेटने बाहेर काढून पाठवली, की ४ मिनिटांचं गाणं ४ मिनिटं २१ सेकंदांचं होतं आणि १२० चा टेंपो ११०.२५ होतो. ओळखायची खूण सोपी, पेटी घ्या आणि सूर लावून बघा. लयीबरोबर सूरही उतरलेला असणार. काळी दोनमध्ये गायलेलं भजन पांढरी दोन आणि काळी एकच्या मधल्या फटीत जाऊन बसतं, पेटीवर कुठलीच पट्टी लागत नाही. सूर बरोबर आणि लय चूक असेल तर सॅम्पल रेट सोडून द्या, तो दोष नाही. सूरसुद्धा गेला असेल तर टेंपोशी झटापट करू नका, फाइल योग्य रेटने परत मागवा.

एमपीथ्री वर तर कामच करू नका. तो फॉरमॅट सुरुवातीला थोडी शांतता घालतो, साधारण २५ मिलिसेकंदांची, आणि एक ट्रॅक एमपीथ्री नि बाकीचे वेव्ह (न आवळलेली ऑडिओ फाइल) असले की तोच एक ट्रॅक कायम मागे वाटतो. व्हॉट्सॲपवरून साधा ऑडिओ म्हणून आलेलं तर अजून आवळलेलं असतं. वेव्ह मागवा, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा किंवा ड्राइव्हवर टाकायला.

तिन्ही जागी अंतर सारखंच होतं त्यांच्यासाठी एवढंच, ब्लूटूथ हेडफोन काढा. खरंच. त्यावर ऐकत गायलं तर गाणारा सरळ सरळ मागे पडतो, १०० मिलिसेकंदांच्या वर सहज. तारेचा हेडफोन लावूनही थोडं अंतर राहत असेल तर हेडफोनचा कप माइकला लावून क्लिक रेकॉर्ड करा आणि मूळ क्लिकपासून ती किती लांब पडते ते बघा, तेवढा आकडा सॉफ्टवेअरच्या रेकॉर्डिंग ऑफसेटमध्ये भरा. बफर (सॉफ्टवेअर एका वेळी किती सॅम्पल हाताळतं तो आकडा) १०२४ असेल तर ४८००० ला नुसता तोच २१ मिलिसेकंदांचा आहे, रेकॉर्ड करताना २५६ किंवा त्याच्या खाली आणा.

इथपर्यंत सगळं बघूनही घुमटाची आरती ग्रिडवर बसत नसेल तर ग्रिडलाच आरतीवर बसवावं लागतं, हे सगळ्यात मेहनतीचं काम. आवाज घड्याळाला बांधलेला आहे ना ते परत एकदा बघा. मग समेवर, फक्त समेवर, टेंपो मार्कर टाकत जा. कासाळ्यांचा पहिला ठोका पडद्यावरच्या आवाजाच्या आलेखात भिंतीसारखा सरळ उभा दिसतो, घुमटाची थाप मात्र टेकडीसारखी चढते, म्हणून खूण कासाळ्यांवर करा, घुमटावर नको. प्रत्येक मात्रेवर मार्कर टाकायचा मोह होतो, टाकू नका, वाजवणाऱ्याचे बारीक लपेटे ग्रिडमध्ये शिरतात आणि मग त्या ग्रिडवर लावलेली मिडीची तानपुरा-बेस दारूड्यासारखी झोकांड्या खाते. संथ भागात चार आवर्तनांना एक मार्कर पुरतो, चढत्या भागात दर आवर्तनाला एक. पाच-सहा मिनिटांच्या आरतीला मला अजूनही दीड-दोन तास लागतात.

उलटं, म्हणजे आवाज ताणून ग्रिडवर बसवायचं, ते मी दहा टक्क्यांच्या पुढे करत नाही. गळ्याला थोडंफार खपतं, घुमटाला नाही. मातीच्या मडक्याचा तो घुमणारा गाभा ताणला की थाप दोनदा पडल्यासारखी होते. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला वारसा वाद्य म्हणून मान दिला, त्याचा आवाज आपण सॉफ्टवेअरमध्ये असा पिचवायचा हे बरं नाही दिसत. एकदा हौसेने एका भजनी मंडळाचं सगळं रेकॉर्डिंग मी ग्रिडवर सुतासारखं सरळ केलं होतं. बुवांनी पूर्ण ऐकलं, तंबाखूची डबी बंद केली, आणि म्हणाले, "छान आहे रे, पण हे आम्ही वाजवलेलं नाही." त्या रात्री मी जुनी कॉपी उघडली, म्हणूनच वर कॉपीचं एवढं बोललो.

आता कधी थांबायचं ते. आठ-दहा माइक एकाच वेळी लावून केलेलं रेकॉर्डिंग असेल तर एकेक ट्रॅक वेगळा ताणू नका, एकाच थापेचा आवाज प्रत्येक माइकमध्ये आहे, एक हलला की सगळ्यांचा मिळून आवाज पोकळ होतो. सगळे एकत्र बांधून कसं कापायचं ते येत नसेल तर ज्याला येतं त्याला द्या. दोन वेगळ्या मशीनवर तासाभराचं भजन रेकॉर्ड केलंय आणि ती हळूहळू एकमेकांपासून सुटतायत, तर ती दोन घड्याळांची भानगड आहे, टेंपोची नाही. एकदा ताणून जुळतं, पण दर वेळी होत असेल तर वर्ड क्लॉक (सगळ्या मशीनना एकाच घड्याळावर चालवायची सोय) वगैरे समजणारा माणूस लागतो. चित्रपटाचं किंवा नाटकाच्या व्हिडिओचं काम असेल आणि फ्रेमशी जुळवायचं असेल तर घरच्या घरी प्रयोग नकोत. मधेच टक-टक आवाज येऊन तुकडे गायब असतील तर रेकॉर्डिंगच गळलंय, कुठलाही टेंपो ते भरून देणार नाही, हार्ड डिस्क तपासायला द्या आणि शक्य असेल तर मंडळाला परत बोलवा. आणि पावसात माइकला ओठ लावले की झिणझिण्या येत असतील तर सगळं बंद करून वायरमनला बोलवा, अर्थिंग गेलंय.

माझा एक साधा हिशोब आहे, कॉपीवर दोन तास बसून कागदावरची तिन्ही अंतरं कमी झाली नाहीत तर तिसरा तास घालवायचा नाही. स्टुडिओत नेताना मग एवढं बरोबर न्या: सगळे ट्रॅक शून्यापासून सुरू होणारे वेव्ह, टेंपोच्या बदलांची मिडी फाइल, सॅम्पल रेट कागदावर लिहिलेला, आणि ती जुनी, हात न लावलेली कॉपी. ती चौथी गोष्ट विसरून येणारे इतके आहेत की मी आता फोनवर पहिलं तेच विचारतो.